रिकाम्या जमिनीचे मोजणीदार

कलकत्त्यातले पहिले काही महिने मी ज्या नकाशाच्या आधारानं काढले, त्यात एक कुत्रा होता. भवानीपूरच्या माझ्या बिऱ्हाडापासून ऑफिसपर्यंतचा तो नकाशा यशवंतराव घैसासांनी, मी रुजू झालो त्याच दिवशी, टेबलाशी उभ्याउभ्या एका पाठकोऱ्या कागदावर काढून दिला होता. त्यात ट्रामचा थांबा होता, होमिओपॅथीचं दुकान होतं, एक पिंपळ होता आणि पिंपळाच्या पुढे फूटपाथवर आडवा पसरलेला कुत्रा होता. कुत्र्याशेजारी बारीक अक्षरात टीप होती: ‘दुपारी तीननंतर नाही.’ मला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा जागेवर होता. त्याच आठवड्यात एकदा ऑफिसातून लवकर सुटलो, साडेतीनला पिंपळापाशी पोचलो, तर नव्हता.

साठाचं दशक संपत आलं होतं. मी केंद्राच्या हिशेब खात्यातला, नागपूरहून काही वर्षांच्या नेमणुकीवर आलेला. शहर आणि आजूबाजूची गावं कशी वाढावीत हे ठरवणारं एक ऑफिस होतं, तिथं मला पाठवलं होतं. तिथले लोक शहर आखत आणि त्याला पैसे कुठून येतील हे मी सांगायचं, अशी वाटणी होती. बहुतेक वेळा मी ‘कुठूनही नाही’ असं सांगत असे, म्हणून मला फारसे मित्र नव्हते. घैसास तिथले मुख्य सर्व्हेअर. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, हुद्द्यानं एक पायरी खाली. त्यामुळे मी त्यांना यशवंतराव म्हणे आणि ते मला साहेब म्हणत. पण ‘साहेब’ अशा स्वरात म्हणत की आपण नुकतेच शाळेत दाखल झालो आहोत असं वाटावं.

त्यांचा जन्म कलकत्त्याचा. वडील संस्कृतचे मास्तर म्हणून कोकणातून तिकडे गेले आणि परत जायचं राहून गेलं. ऑफिसात घैसासांना सगळे ‘घोइशाशबाबू’ म्हणत. त्यांच्या आडनावातलं एकही अक्षर बंगाली तोंडातून सुखरूप बाहेर पडत नसे, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. ते बायकोशी मराठी बोलत, मुलांशी बंगाली, फायलींशी इंग्रजी. मोजत मात्र फक्त मराठीत. त्यांचं पाऊल बरोबर तीस इंचांचं होतं. त्यांनी ते तरुणपणी रेल्वेच्या रुळांवर घोटून पक्कं केलं होतं. जमीन मोजायला साखळी असायची, टेप असायची, पण घैसास आधी ती पावलांनी मोजून घेत. खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा, काखेत छत्री, आणि ‘एकशे एक, एकशे दोन’ असं मोठ्यानं म्हणत चाललेले. मध्ये कुणी बोललं तर ते थांबत, त्या माणसाचं शांतपणे ऐकून घेत, उत्तर देत आणि मग पहिल्या पावलापासून पुन्हा सुरुवात करत. हे कळल्यावर ऑफिसातल्या दोघातिघांनी त्यांना मुद्दाम हाक मारायचा खेळ सुरू केला होता. खेळ चार दिवसांत बंद पडला, कारण घैसासांना त्याचा त्रासच होईना. उन्हात उभं राहून हाक मारणाऱ्यालाच व्हायला लागला.

‘पाय आधी, पेन्सिल मागून,’ हे त्यांचं ब्रीद. जिथं आपला पाय पडला नाही ती जागा ते काढत नसत. याचा जाच सगळ्यांनाच होई. एका मराठी बँक अधिकाऱ्यानं मुलाच्या मुंजीचं निमंत्रण दिलं, त्यामागं हॉलला यायचा नकाशा छापला होता. घैसास मुंजीला आले, आहेर केला, जेवले, आणि निघताना यजमानाच्या हातात तीच पत्रिका दिली. तिच्यावर लाल पेन्सिलीनं दुरुस्त्या होत्या. “हॉल तुम्ही तळ्यात दाखवलाय,” ते म्हणाले. “तळं रस्त्याच्या अलीकडं आहे. थोरल्याच्या लग्नात लक्षात ठेवा.” यजमान हसले. घैसास हसले नव्हते.

अशा माणसाच्या वाट्याला तो कॅम्प आला.

बराकपूरच्या पुढे, रेल्वेपासून पाऊण तासाच्या चालीवर, महायुद्धाच्या वेळी गोऱ्या सैन्यानं एक तळ उभारला होता. एक लांबलचक धावपट्टी, पत्र्याच्या अर्धगोल बराकींच्या रांगा, तेल साठवायचे खड्डे. युद्ध संपलं, सैन्य गेलं, जमीन आपल्या लष्कराकडे आली. लष्कराला तिचा काही उपयोग नव्हता. पंचवीस वर्षं तिथं एक फाटक, एक पहारेकरी आणि एक रजिस्टर एवढंच होतं. आता ती जमीन राज्याला मिळणार होती आणि तिथं नवं उपनगर वसवायचं होतं: घरं, बाजार, शाळा, कारखान्यांच्या शेड.

पैशांची योजना अशी. अर्धे दिल्लीनं अनुदान म्हणून द्यायचे. उरलेले आम्ही कर्जानं उभे करायचे, आणि ते कर्ज रस्त्याकडेचे भूखंड कारखानदारांना विकून फेडायचं. नगररचनेतली ही जुनी जादू आहे: जमीन विकण्याजोगी करायला जे पैसे लागतात, ते ती जमीन विकून मिळवायचे. मी या जादूवर सतरा पानी टिपण लिहिलं होतं आणि मला ते पटलंही होतं. दिल्लीची अट एकच होती. त्यांची योजना विनावापर पडलेल्या सरकारी जमिनींसाठी होती. तेव्हा जमीन रिकामी असल्याचा सद्यस्थितीचा नकाशा जोडायचा आणि त्यावर मुख्य सर्व्हेअरची सही हवी.

आराखडा आमच्या संचालकांनी, लाहिरी साहेबांनी, स्वतः केला होता. लाहिरी विलायतेत शिकलेले, पाइप ओढणारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी पुठ्ठ्याचा एक देखणा नमुना करवला होता. त्यात नऊ मजली इमारत होती, गोल चौक होता, चौकात कारंजं, स्पंजची हिरवी झाडं, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि काडीएवढी पांढरी माणसं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो नमुना दाखवत. घैसासांनी तो दोन्ही बाजूंनी वाकून पाहिला.

“कसा वाटतो?” लाहिरींनी विचारलं.

“माणसं फार शिस्तीची आहेत, सर,” घैसास म्हणाले. “कुठून आणायची?”

हा सगळा आराखडा लष्कराच्या जुन्या नकाशावर बेतलेला होता. त्या नकाशात बराकींना नंबर होते आणि दुसरं काही नव्हतं. फाळणीनंतर लगेचच पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं त्या बराकींत राहायला लागली होती, हे लष्कराच्या रजिस्टरात नव्हतं, कारण रजिस्टर सैनिकांसाठी होतं आणि ही माणसं सैनिक नव्हती. ऑफिसात हे सर्वांना ऐकून माहीत होतं. पण ऐकून माहीत असलेल्या गोष्टीला फाइल नसते.

घैसास पावसाळा संपल्यावर कॅम्पवर जायला लागले. सकाळच्या लोकलनं सियालदाहून निघत, स्टेशनवर उतरून चालत जात. जीप दिली तर नाकारत; जीपमधून दिसतं ते जीपला दिसलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. काही महिन्यांनी त्यांनी जो नकाशा आणला तो दोन टेबलं जोडून पसरावा लागला. प्रत्येक बराकीच्या आत रेघा मारून घरं पाडली होती, एकेका बराकीत तीन नाहीतर चार. प्रत्येक घरात कुटुंबप्रमुखाचं नाव. तुळशीचे कट्टे होते, शेवग्याची झाडं होती, झाडाखाली भरणारी शाळा होती. तेलाच्या एका खड्ड्यात तळं झालं होतं आणि तिथं ‘रोहू, कातला’ अशी माशांची नोंद होती. सगळ्या वस्तीला मिळून एक हातपंप होता. त्याच्याभोवती ठिपक्यांची एक लांब वळणावळणाची रेघ होती.

“हे काय?” लाहिरींनी विचारलं.

“रांग,” घैसास म्हणाले. “सकाळी सहा ते नऊ.”

लाहिरींनी पाइप खाली ठेवला. “घोइशाशबाबू, हा नकाशा आहे की मतदारयादी?”

“मतदारयादीत यांची नावं आहेतच, सर. फक्त नकाशात राहिली होती.”

लाहिरी मोठ्यानं हसले आणि नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला. तो तिथं सुरक्षित राहील असं ते म्हणाले. ऑफिसात ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक होता.

त्याच हिवाळ्यात एका मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपणाचा समारंभ ठरला. पैसे आले नव्हते, जमीन मिळाली नव्हती, पण झाड लावायला दोन्हींची गरज नसते. आराखड्यात धावपट्टीच्या जागी बाग होती, म्हणून झाड तिथं लावायचं ठरलं. घैसासांनी लेखी टीप दिली की तिथं हातभर जाडीचं काँक्रीट आहे. टिपेवर तीन सह्या झाल्या, म्हणजे ती कुणीही वाचली नाही. समारंभाच्या आदल्या दिवशी खड्डा खणायला मजूर गेले. दुपारपर्यंत दोन पहारी वाकल्या आणि काँक्रीटवर बशीएवढा पांढरा डाग पडला. ज्या जमिनीवर बॉम्ब भरलेली विमानं उतरली होती, ती कडुनिंबाच्या रोपासाठी हलायला तयार नव्हती. शेवटी तेलाचं एक पिंप आणून त्यात रोप लावलं, भोवती माती रचून टेकडी केली, टेकडीला झेंडूच्या माळा घातल्या. मंत्र्यांनी झारीनं पाणी घातलं, आणि या मातीत नव्या नगराची मुळं खोलवर जातील असं सांगितलं. टाळ्या झाल्या.

गर्दीच्या मागं वस्तीतली माणसं उभी होती. त्यांचं धान आणि गोवऱ्या धावपट्टीवर वाळत असत. समारंभासाठी ते सगळं उचलायला लावलं होतं. सुरबाला नावाची पन्नाशीची एक विधवा बाई माझ्या आणि घैसासांच्या शेजारी उभी होती. आठ नंबरच्या बराकीत ती मुलगा-सुनेबरोबर राहायची. मुलगा तागाच्या गिरणीत होता. घैसासांची दुपारची भाकरी तिच्या दारात बसून व्हायची, म्हणजे डबा ते आपला खात आणि वर तिच्याकडची मासळी खात. ते तिला दीदी म्हणत.

“घोइशाशबाबू,” ती म्हणाली, “तुमचे मंत्री उद्यापण येणार का पाणी घालायला?”

“नाही, दीदी.”

“मग शेळी सोडते.”

तिनं सोडली असावी. आठवड्यानं मी गेलो तेव्हा पिंप होतं.

वर्ष असंच गेलं. मग दिल्लीहून पत्र आलं की सद्यस्थितीचा नकाशा ताबडतोब पाठवा, नाहीतर या योजनेचा विचार होणार नाही. लाहिरींनी घैसासांना बोलावलं. पैशांचा माणूस म्हणून मीही होतो. टेबलावर लष्कराचा जुना नकाशा नव्या कागदावर उतरवून ठेवला होता. खाली सहीसाठी जागा होती.

“हा नकाशा मी काढलेला नाही,” घैसास म्हणाले.

“सहीपुरता तुमचाच आहे.”

“माझा कपाटात आहे, सर. त्यावर सही आहे.”

लाहिरी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “घोइशाशबाबू, मी वीस वर्षं या शहराची गटारं आखतोय. एकदा, निवृत्त व्हायच्या आधी एकदा, मला एक गाव आखू द्या. आणि माझं सोडा. तुमचा नकाशा गेला तर पैसे येणार नाहीत. पैसे नाहीत तर नळ नाही. मग तुमची ती ठिपक्यांची रांग आणखी वीस वर्षं उभी राहील. ती जबाबदारी घ्याल?”

घैसासांनी नकाशा फिरवून लाहिरींकडे परत सरकवला. मग म्हणाले, “विचारून सांगतो.”

“कुणाला?”

“त्यांना.”

आणि ते खरोखरच दुपारच्या लोकलनं गेले. बरोबर मी गेलो, कारण हे काय होतं ते पाहिल्याशिवाय मला राहवेना. घैसासांनी सुरबालाच्या दारात वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवलं आणि जसं होतं तसं सांगितलं. खोटी सही केली तर पैसे येतील, नळ येतील, आत्ताची घरं उठवली जातील. नवी घरं कुणाला मिळतील ते कागदावर नाही. खरी सही केली तर कदाचित काहीच येणार नाही. मी हिशेबी माणूस. एवढा स्वच्छ हिशेब मला सतरा पानांत मांडता आला नव्हता.

बरीच बडबड झाली. दोघं म्हणाले, आधी पाणी येऊ द्या, उठवायला येतील तेव्हा बघू. एका म्हाताऱ्यानं लष्करालाच पुन्हा बोलवा असं सुचवलं. सुरबाला मासळी साफ करत ऐकत होती. सगळे थांबल्यावर ती म्हणाली, “आम्ही इथं नाही असं लिहून नळ आणलात, तर तो येईल कुणाच्या दारात?”

दुसऱ्या दिवशी घैसासांनी लाहिरींना सांगितलं की सही होणार नाही. लाहिरींनी कोरी जागा तशीच ठेवून नकाशा पाठवला, आणि दिल्लीनं, बिनसहीचा कागद पाहून, सक्सेना नावाचे एक अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला पाठवायचं ठरवलं. सोयीची तारीख कळवा असं पत्र आलं. तारीख कळवायचं काम सर्व्हे विभागाचं. घैसासांनी दसऱ्यानंतरचा चौथा दिवस कळवला. कारण लिहिलं: ‘पाऊस संपून वाटा कोरड्या असतात.’ ते खरंच होतं. त्यांनी खोटं कधीच लिहिलं नाही.

पण बंगालमध्ये दशमीला देवी बोळवली की ‘बिजोया’चे दिवस लागतात. लोक एकमेकांच्या घरी जातात, लहान मोठ्यांच्या पाया पडतात, आणि दारात आलेल्याला गोड खाल्ल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. मग तो ओळखीचा असो, नसो, नाहीतर दिल्लीचा असो.

सक्सेना उंच, कडक इस्त्रीचे, केस पिकलेले गृहस्थ होते. लाहिरींनी त्यांच्यासाठी मोटार ठेवली होती. कॅम्पच्या फाटकाशी घैसासांनी ती थांबवली. “पुढं वाट अरुंद आहे, साहेब. चालावं लागेल.” हेही खरंच होतं.

पहिल्या बराकीच्या दारात एका म्हातारीनं नारळाचे लाडू पुढं केले. सक्सेना म्हणाले की ते कामावर असताना काही घेत नाहीत. म्हातारीला हिंदी येत नव्हती. घैसास हळूच म्हणाले, “साहेब, आज नाही म्हटलं तर घराला अपशकुन समजतात.” सक्सेनांनी लाडू घेतला. दोन मुली पुढं येऊन त्यांच्या पाया पडल्या. सक्सेनांना काय करावं कळेना, त्यांनी एकीच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, “कितवीत?” तिनं सांगितलं. शाळा कुठे, विचारलं. तिनं झाड दाखवलं.

दुसऱ्या दारात खारी निमकी, तिसऱ्यात पुन्हा लाडू, चौथ्यात गुळाची संदेश मिठाई. पाचव्या दारात सक्सेनांनी न सांगता बूट काढले. लाहिरी मागून पाइप न पेटवता चालत होते. त्यांनाही कुणी सोडत नव्हतं, आणि बिजोयाच्या दिवसांत नाही म्हणणं बंगाली माणसाला शक्यच नव्हतं. एका आजोबांनी त्यांना मिठी मारून गाव कुठलं विचारलं. लाहिरींनी सांगितलं. आजोबा नदीपलीकडच्या गावचे निघाले. मग ते दोघं एका खाटेवर बसले आणि आम्ही पुढं गेलो.

सुरबालाच्या दारात सक्सेना वेताच्या मोड्यावर, म्हणजे बसक्या स्टुलावर, बसले. सातवं घर होतं. त्यांनी पाणी मागितलं. सुरबालानं तांब्या दिला आणि म्हणाली, “जपून प्या. सकाळी सहाला उभी होते.” घैसासांनी भाषांतर केलं. सक्सेनांनी अर्धा तांब्या पिऊन उरलेला तिला परत दिला. मग घैसासांना विचारलं, “तुमच्याकडे याचा नकाशा आहे?”

“कपाटात आहे, साहेब. सुरक्षित.”

सक्सेनांचा अहवाल मी वाचला आहे. फार कोरडा होता. त्यात एक वाक्य होतं की जमीन रिकामी आहे असं पाहणी अधिकाऱ्यास म्हणता येत नाही. ते का म्हणता येत नाही हे त्यांनी लिहिलं नव्हतं. सरकारी अहवालात लाडूंना रकाना नसतो. पण त्यांनी एक वाट सुचवली होती. बराकी सरकारी इमारती आहेत आणि वापरात आहेत, तर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या योजनेतून पाणी, गटार आणि छपरं करता येतील. पैसे कमी मिळतील, पण मिळतील. धावपट्टीपलीकडचा भाग खरोखर रिकामा होता. कारखान्यांच्या शेड तिथं जातील. नऊ मजली इमारत आणि कारंजं यांचा उल्लेख नव्हता.

लाहिरींनी नमुना आपल्या खोलीतून हलवला नाही. मात्र एक दिवस त्यांनी घैसासांना बोलावून कपाटातला मोठा नकाशा काढून दिला आणि म्हणाले, “यावरच आखू या. गटारं मला येतात.”

पुढचं वर्षभर ते दोघं त्या नकाशावर वाकलेले असत. वीज जायची तेव्हा खिडकीशी टेबल ओढून बसायचे, आणि लाहिरी पेन्सिलीनं एखादी नळाची ओळ काढायला गेले की घैसास म्हणत, “तिथं शेवगा आहे, सर.” लाहिरी ओळ वळवायचे. एकदा म्हणाले, “घोइशाशबाबू, जगात सरळ रेघ म्हणून काही नाहीच का?” घैसास म्हणाले, “धावपट्टी आहे की.”

राहिली ती पाण्याची टाकी. टाकी उंच बांधायची तर खाली घट्ट जमीन हवी, आणि तो सगळा भाग मुळात दलदल. घैसासांनी सहा ठिकाणी खड्डे घेतले, धावपट्टीच्या पलीकडेही. सहाही ठिकाणी हातभर खाली गाळ लागला. सातवी जागा त्यांनी शेवटपर्यंत टाळली होती. तिथं घेतला तर घट्ट पिवळी माती निघाली. ती जागा आठ नंबरच्या बराकीच्या भिंतीला लागून होती, आणि टाकीचा पाया बराकीखाली जाणार होता.

त्यांनी मापं पुन्हा घेतली. मग लाहिरींकडून दुसरा इंजिनिअर मागवून त्याच्याकडूनही घेववली. मग एक दिवस टेबलाशी बसून त्यांनी आठ नंबरवर गोल काढला आणि खाली सही केली. त्या बराकीतल्या तीन कुटुंबांना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला नव्या खोल्या मिळणार होत्या. तळं, शाळा, पंप, शेजार, सगळ्यापासून लांब. खोल्या पक्क्या होत्या, आणि असं बोलायची पद्धत असते तसं आम्ही ऑफिसात म्हणालो की त्यांचा फायदाच आहे.

नोटिसा पुढच्या सोमवारी निघणार होत्या. शनिवारी घैसास माझ्याकडे आले. “साहेब, जीप मिळेल?”

“तुम्हाला? जीप?”

“आज चालत गेलो तर वाटेतून परत फिरेन,” ते म्हणाले. “नोटिशीच्या आधी माणूस पोचायला हवा.”

मी बरोबर गेलो. वाटेत ते खिडकीबाहेर पाहत होते. इतर दोन कुटुंबांना त्यांनी आधी सांगितलं. एकानं आरडाओरडा केला, दुसऱ्यानं खोली किती हात आहे ते विचारून घेतलं. सुरबालाचं दार शेवटी घेतलं. ती तांदूळ पाखडत होती. तिनं मोडा पुढं केला. मी धावपट्टीवर जीपपाशी थांबलो होतो, पण दार जवळच होतं आणि आवाज येत होता.

घैसासांनी सगळं सांगितलं. गाळ, पिवळी माती, सहा खड्डे. तिनं सूप खाली ठेवलं.

“जागा कुणी ठरवली?”

“मी.”

“तुम्ही? की त्या पाइपवाल्यांनी?”

“मी, दीदी. दुसरी सापडली नाही.”

“पाणी सगळ्यांना येईल?”

“येईल.”

“मला?”

“तुमच्या नव्या खोलीतही येईल. सगळ्यांत शेवटी, नळाच्या टोकाला. कमी येईल.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तांदळाचं सूप उचललं आणि आत गेली. सुनेनं दारातली दोरीवरची धुणी काढून घेतली आणि तीही आत गेली. दार लावलं नव्हतं, पण उघडंही नव्हतं.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी हाक मारली, “यशवंतराव, चला.” त्यांनी न वळता हात वर केला: तुम्ही निघा. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग निघालो. मंगळवारी माझ्या बदलीची ऑर्डर आली आणि नागपूरच्या गाडीत बसण्याआधी त्यांची भेट झाली नाही; ते सुट्टीवर होते असं ऑफिसात सांगितलं. पुढं कळलं की टाकी झाली, पाणी आलं. सुरबालाचं काय झालं ते कुणी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला घैसास आठवतात ते त्या शनिवारचे. जीप वळताना मी मागं पाहिलं. आतून काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज येत होता, पेटी असावी. घैसास मोड्यावर ताठ बसले होते, जेवायला बसतात तसे, पण हात मांड्यांवर रिकामे. दार आतून ढकललं गेलं तसे ते उठले. बाहेर येणाऱ्याची वाट अडू नये म्हणून मोडा दोन पावलं बाजूला सरकवला आणि त्यावर परत बसले.